मापाड्याची बायको वाळली

लातूरच्या मोंढ्यात मलप्पा मापाडी होता. आडतीवर आलेला माल काट्यावर तोलायचा आणि चार माणसांना ऐकू जाईल असा आकडा ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. काम साधं, पण त्यात सुख नाही. शेतकऱ्याला वाटतं मापाडी आडत्याचा माणूस आहे, आडत्याला वाटतं हा शेतकऱ्याला सामील आहे, आणि दोघंही त्याच्या हाताकडं डोळे लावून उभे राहतात. उभं आयुष्य अशा नजरांखाली काढल्यावर मलप्पाचाही स्वभाव तसाच बनून गेला होता. भाजीवालीला तो आधी रिकामी पारडी उचलून दाखवायला लावायचा. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून बघायचा. मठातल्या स्वामींनी विभूती दिली तरी चिमटीत चोळून बघतो, असं त्याची बायको शरणम्मा हसत हसत शेजारणीला सांगायची.

शरणम्मा हसायची तेव्हा तिचं सगळं अंग हसायचं. लग्नात ती काडीसारखी होती म्हणे. मुलाच्या, चन्नबसप्पाच्या, बाळंतपणात अंग सुटलं, ते सुटलंच. खाणं म्हणाल तर घरात सगळ्यांत कमी तिचंच. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेली भाकरी आणि ताकाचं पाणी. तरी दंड भरलेले, मान भरलेली, चालताना धाप. जावा-नणंदा म्हणायच्या, हिला नुसता वारासुद्धा लागतो अंगाला.

लातूर जिल्हा होऊन त्याला चौथं वरीस लागलं होतं. गावात रोज नवी पाटी लागत होती. कुठं हे कार्यालय, कुठं ते कार्यालय. धुरळा उडवत सरकारी जीपा फिरत होत्या, पुण्या-सोलापूरकडचे साहेब भाड्यानं खोल्या शोधत होते, मलप्पाच्या मागच्या गल्लीत बँकेतला एक धारवाडकडचा साहेब बायकोला घेऊन राहायला आला होता. आणि त्याच सुमाराला पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला. ज्वारीची कणसं भरलीच नाहीत. मोंढा असा ओस पडला की काट्यावर कबुतरं बसायला लागली. नळाला पाणी येईनासं झालं, टँकर आला की बाया घागरी घेऊन धावायच्या.

मलप्पाचा मुलगा चन्नबसप्पा रोजगार हमीच्या तलावावर मजुरांची हजेरी घ्यायच्या कामाला लागला होता, रेणापूरकडं. तिकडंच एका खोलीत राहायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्याची बायको नागम्मा उदगीरची. तिला नवऱ्याबरोबर रेणापूरला जायचं होतं. शरणम्मानं जाऊ दिलं नाही. "माझ्यानं आता घागर उचलंना गं. पाऊस पडू दे, मग जा," असं म्हणाली. नागम्मा उलटून बोलली नाही, पण दोन दिवस जेवली नाही. हे मलप्पानं मनात ठेवलं होतं. तो काहीच विसरत नसे.

त्या उन्हाळ्यात औशाकडच्या एका शेतकऱ्यानं मोंढ्यात भर माणसांत तोंड टाकलं. त्याची मोजकीच पोती होती आणि वजन त्याच्या अंदाजापेक्षा कमी भरलं होतं. तो म्हणाला, "मापाडी, आमच्या लेकरांच्या बरगड्या दिसायल्यात. अन् तुमची बायको बघावं तर देवळापुढल्या नंदीवानी. दुष्काळात अंगावर एवढं कुठून येतं वो?"

हमाल हसले. आडत्यासुद्धा मिशीत हसला.

मलप्पानं पोती पुन्हा काट्यावर चढवली, त्या शेतकऱ्यालाच काट्यापुढं उभं केलं आणि त्याच्याकडूनच आकडा वाचून घेतला. आकडा तोच निघाला. शेतकरी मान खाली घालून गेला, पण त्याचं बोलणं मागं राहिलं. मापाडी काटा मारतो आणि बायकोला चारतो, हे आता कुणीही कुणाला सांगू शकत होतं. मलप्पानं घरी यातलं काही सांगितलं नाही. बाईमाणसाला कशाला ऐकवायचं, असं त्याला वाटलं.

महिना-सव्वा महिना गेला असेल. एका सकाळी शरणम्मा भाकरी थापत होती आणि तिच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत वर गेल्या. मलप्पा बघत राहिला. या बांगड्या चढवताना कासारीण साबण लावून घाम गाळायची.

मग त्यानं नीट बघायला सुरुवात केली. चोळीच्या बाह्या ढिल्या. गालाची हाडं वर आलेली. भाकरी वाढताना हात थरथरायचा. ताटात ती भाकरीचा तुकडा घ्यायची, कालवायची, आणि मांजरापुढं टाकायची. रात्री कूस बदलत पडून असायची. दिवसा डोळे लाल, पण अंगात मात्र भलतीच चलाखी. अंगण झाडून झालं की पुन्हा झाडायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची.

"तब्येत बरी हाय का तुझी?"

"मला काय धाड भरलीया?"

"वाळायलीस."

"मग बरंच की. लोक म्हणतच हुते लई सुटली म्हणून."

'लोक' हा शब्द तिनं कसा उच्चारला याकडं मलप्पाचं लक्षच गेलं नाही. त्याचं लक्ष तिच्या गळ्याकडं होतं. तिथली शीर टप टप उडताना दिसत होती.

आधी त्याला टीबीची शंका आली. पण खोकला नाही, ताप नाही. मग एका दुपारी तो अवेळी घरी आला, तर शरणम्मा बँकेच्या साहेबाच्या घरातून बाहेर पडत होती, पदराखाली काहीतरी धरून. त्याला बघून ती दचकली. "वाटीभर साखर दिली हुती, ती आणाय गेल्ते," म्हणाली. साखर तर घरात संपून पंधरा दिवस झाले होते, आणि त्या रात्रीही डब्यात ती दिसली नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. घरात चहा नागम्मा करायची. दूध नसल्यामुळं कोराच. सासऱ्याला पितळी पेल्यात, सासूला कपात. चहा घेतल्यावर थोड्याच वेळात शरणम्माचे हात थरथरायला लागायचे. मलप्पानं हे दोन-तीनदा पडताळून पाहिलं. तोच चहा पिऊन त्याला काही होत नव्हतं. म्हणजे कपात काहीतरी वेगळं जात होतं.

सून रेणापूरला जायला आसुसलेली. सासू आडवी आलेली. सासू गेली तर कोण अडवणार?

हा विचार आला आणि मलप्पाला स्वतःचीच भीती वाटली. पण आलेला विचार जात नव्हता. तो आता चुलीकडं तोंड करून बसायला लागला. नागम्मानं डबा उघडला की मान लांब करून बघायचा. ती बिचारी गोंधळून जायची. "मामा, कायतरी पायजे का?" विचारायची, आणि तो "न्हाई" म्हणून खाली बघायचा.

मलप्पाचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. दर वर्षी खंडेनवमीला मोंढ्यातल्या काट्याची पूजा झाली की तो घरच्या सगळ्यांना गमतीनं काट्यावर उभं करायचा. गेल्या नवमीला शरणम्मा अठ्ठ्याहत्तर किलो भरली होती, आणि उतरताना तिनं सगळ्या हमालांना पेढे वाटले होते. अमावास्येला मोंढा बंद असतो. त्या दिवशी तो तिला म्हणाला, "चल, देवळातून येता येता मोंढ्यात जाऊन येऊ."

काट्यापाशी गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती दोन पावलं मागं सरकली.

"मला पोत्यावानी तोलता का आता?"

"उभी राहा, शरणे."

"न्हाई राहायची. काय बघायचंय तुम्हाला?"

"काय बघायचंय ते मला बी ठाऊक न्हाई. उभी राहा."

ती उभी राहिली, पण त्याच्याकडं पाठ करून. मलप्पानं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं, मागं आणलं. दांडी चौसष्टवर थांबली. चौदा किलो. पेरणीला लागणाऱ्या बियाण्याचं एक गाठोडं भरावं एवढं तिचं अंग कुठंतरी गेलं होतं, आणि हे दोन महिन्यांत. त्यानं आकडा ओरडला नाही. "किती?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती, उत्सुकता होती. मलप्पाला ते फार विचित्र वाटलं. परतताना तो तिच्या एक पाऊल मागं चालला.

दुसऱ्या आठवड्यात शरणम्मा टँकरच्या रांगेत कोसळली. घागर फुटली, ओठ फुटला. शेजारची बिलकीस आणि आणखी दोघींनी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मलप्पा धावत पोचला तेव्हा ती शुद्धीवर होती, पण काळीज इतकं पळत होतं की दुरूनही पदर हलताना दिसत होता. डॉक्टरीण बाई तरुण होती. तिनं सलाईन लावलं आणि म्हणाली, "घरून एक चादर आणि लोटाभर पाणी आणा. आज राहावं लागेल."

मलप्पा घरी आला. नागम्मा दवाखान्यात निघायच्या तयारीत होती. त्यानं तिच्याकडं न बघता माजघरात चादर शोधायला सुरुवात केली. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती, एकावर एक रचलेली. एके काळी त्यात डाळी, तीळ, हुलगे भरलेले असायचे, आता सगळी रिकामी. चादर ओढताना वरचं मडकं कलंडलं आणि आत काहीतरी वाजलं.

पत्र्याचा छोटा डबा होता. आत गडद तपकिरी भुकटी. त्यानं हुंगली. भाजलेल्या चिंचोक्यासारखा जळका वास. जिभेला लावली तर कडू जहर.

"हे काय हाय?"

नागम्मा दारात उभी होती. तिनं डब्याकडं बघितलं. "मला ठाऊक न्हाई, मामा."

"चूल कोण पेटवतं या घरात? चहा कोण करतं?"

"मीच करते."

"मग ह्ये कुणी आणलं? सासू मेली की रेणापूरला जायाला मोकळी, असंच ना?"

नागम्मा ओरडली असती, रडली असती, तर मलप्पाला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणून तुमी महिनाभर माझ्या हाताकडं बघायलाव व्हय?"

त्यानं डबा धोतराच्या सोग्यात बांधला आणि बाहेर पडला.

गंजगोलाईच्या बाजारात गफूर अत्ताराचं दुकान होतं. मुळ्या, साली, भुकट्या, सगळं काही त्याच्या बरण्यांत. मलप्पानं डबा पुढं ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "गफूरभाई, कशाचं जहर हाय एवढं सांग. नाव घेऊ नको माझं."

गफूरनं चिमूटभर तळव्यावर घेतलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं. मग मलप्पाच्या तोंडाकडं बघितलं.

"जहर? कॉफी है ये, मलप्पाभाई. खालिस कॉफी. मद्राशी लोकां पीते ना सुबू सुबू, वोच."

"नीट बघ."

"क्या नीट बघ? मोंढे में तुमको ज्वारी और गहू में फरक नै समजता क्या? मेरेकू भी समजता." त्यानं झाकण लावून डबा परत सरकवला. "किसने पिया ये?"

मलप्पा तिथंच फळीवर बसला. कॉफी त्यानं आयुष्यात एकदा, हैदराबादला एका वऱ्हाडात प्यायली होती आणि थुंकली होती. कॉफीनं माणूस वाळतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि कॉफीच असेल तर ती लपवायची कशाला? गफूर खोटं बोलत असेल का, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग तो उठला आणि दवाखान्याकडं निघाला.

शरणम्मा खाटेवर टेकून बसली होती. त्यानं डबा तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं डोळे मिटून घेतले. "घावला व्हय तुम्हाला."

"तुझाच हाय?"

"माझाच."

मग ती बोलत गेली. औशाच्या शेतकऱ्याचं बोलणं घरी कुणी सांगितलं नसलं तरी टँकरच्या रांगेत ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिची घागर भरायला लागली की बाया बाजूला सरकायच्या आणि म्हणायच्या, भरू द्या बाई, मापाडणीला तहान लई. एक म्हातारी तर तिच्या दंडाला चिमटा काढून म्हणाली होती, "ही आमचीच ज्वारी हाय, बघा." शरणम्मानं नवऱ्याला सांगितलं नाही. आधीच मोंढ्यात डोकं खाली घालून वावरतो, त्याला आणखी कशाला, असं तिला वाटलं. तिनं जेवण अर्ध्यावर आणलं. अंग हललं नाही. उलट भुकेनं डोकं फिरायचं, आणि भाकरी दिसली की हात जायचा.

बँकेच्या साहेबाच्या बायकोशी ती कानडीत बोलायची. एकदा त्या बाईनं तिला कॉफी पाजली आणि सहज म्हणून गेली, सकाळी ही घेतली की मला दुपारपर्यंत जेवणाची आठवण होत नाही. शरणम्माला तेवढंच पुरलं. तिनं डबाभर भुकटी मागून आणली. नागम्मानं चहा दिला की तो घेऊन परसात जायची, त्यातच भुकटी घालायची आणि डोळे मिटून प्यायची. भूक खरोखर मेली. पहिल्या आठवड्यात लघवीला सारखं जावं लागलं आणि अंग हलकं वाटायला लागलं. पुढं तेवढ्यानं काही होईना, तशी ती चमचा वाढवत गेली. दिवसातून पाच-सहा वेळा, चहा नसला तर नुसत्या पाण्यात.

"काट्यावर उभी केलीत तवा माझ्या मनात आलं, आता आकडा सगळ्या मोंढ्याला ओरडून सांगा. मापाडी चोर न्हाई म्हणून."

एवढ्यात डॉक्टरीण बाई आली. तिनं डबा बघितला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर खाटेच्या काठावरच बसली.

"आजी, कॉफीत कॅफिन म्हणून एक द्रव्य असतं. चहातही असतं, थोडं कमी. त्यानं काळीज पळतं, झोप उडते, काही वेळ भूक दबते. शरीराची भट्टीसुद्धा जरा जोरात पेटते, हे खरं. पण त्यात अंगावरची चरबी जळते ती चिमूटभर. तुमचं वजन उतरलं ते उपाशी राहिल्यामुळं आणि अंगातलं पाणी गेल्यामुळं. आणि ते काही चरबीतूनच गेलं नाही, हातापायांची ताकदही गेली त्यात."

"मग आधी कमी खाऊन का उतरलं न्हाई?"

"काहींच्या अंगाची भट्टी मंदच असते. वय वाढलं की आणखी मंद होते. गळ्यातल्या ग्रंथीसाठी रक्त तपासायला सोलापूरला पाठवते, काही निघालं तर औषध देईन. पण हे बंद करा. एकदम नको, डोकं ठणकेल. रोज थोडं थोडं कमी करा. आणि जेवा."

"वजन परत येईल?" शरणम्मानं विचारलं.

"थोडं येईल," बाई म्हणाली. "येऊ द्या."

तिन्हीसांजेला मलप्पा घरी आला तेव्हा दाराला कुलूप होतं. बिलकीस आपल्या उंबऱ्यावर चावी घेऊन बसली होती.

"उदगीरच्या गाडीनं गेली ती. ऊन उतरायच्या आधीच," ती म्हणाली.

"रडत हुती का?"

"रडली असती तर मी थांबवली असती. तिनं भाकरी करून ठेवल्यात शरणम्मासाठी, डब्यात भरून. म्हणली, दवाखान्यात नेऊन द्या, पण आधी मामांना दाखवा." बिलकीसनं चावी त्याच्या हातात टाकली. "काय केलं ओ तुम्ही त्या पोरीला?"

सोलापूरहून रक्ताचा निकाल आला तेव्हा त्यात काही दोष निघाला नाही. शरणम्माचं अंग असंच होतं. ती घरी आली, पंधरा दिवस डोकं बांधून पडून राहिली, मग जेवायला लागली. चन्नबसप्पा येऊन गेला, बापाला एवढंच म्हणाला, "तुमी घालवली, तुमीच आणा." टँकरच्या बायांनी तिला वाळलेली बघून आता दुसरंच चालवलं होतं. सुनेनं करणी केली आणि पळून गेली, असं. हे ऐकल्यावर शरणम्मा जेवता जेवता थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तरी जावा. तुमच्या तोंडातली गोष्ट लोकांच्या तोंडात गेली."

मलप्पा उदगीरला गेला. व्याही वीरण्णा ओसरीवर बसला होता. त्यानं पाणी दिलं, पण 'बसा' म्हणाला नाही. मलप्पानं उभ्यानंच सगळं सांगितलं, काही राखलं नाही. नागम्मा आतल्या दाराला टेकून ऐकत होती.

वीरण्णा म्हणाला, "दुसऱ्याचा माल तोलताना दोनदा बघता म्हणं तुमी. माझ्या पोरीला एकदाच बघितलंत."

"चुकलं माझं."

"मला काय सांगता? तिला सांगा."

मलप्पा दाराकडं वळला. सुनेपुढं हात जोडायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि ते तिथं जमलंही नाही. तो नुसता "पोरी..." एवढं म्हणून उभा राहिला.

नागम्मा म्हणाली, "आत्यांना घागर उचलवत न्हाई, म्हणून येते. पाऊस पडला की रेणापूरला जाईन. मग अडवू नका."

"न्हाई अडवत."

ती आली. घरात पुन्हा चूल पेटली. शरणम्मानं तिला जवळ घेतलं आणि दोघी बराच वेळ माजघरात हळू आवाजात बोलत बसल्या. सासूशी नागम्मा पहिल्यासारखीच वागली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मलप्पापुढं चहाचा पेला ठेवला आणि शेजारी एक बशीही ठेवली. पेल्यातला घोटभर चहा तिनं बशीत ओतला, त्याच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकला, पदरानं ओठ पुसले. मग पेला त्याच्याकडं सरकवला.

"घ्या, मामा."

शरणम्मानं बघितलं आणि मान फिरवली. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. नागम्मा रेणापूरला जाईपर्यंत रोज, दोन्ही वेळा, ती असंच करत राहिली. मलप्पानं तिला एकदाही नको म्हटलं नाही. तो थांबायचा, तिचा घोट गळ्याखाली उतरताना बघायचा, आणि मग गार झालेला चहा प्यायचा.